मन थाऱ्यावर राहत नाही, तो आळसच असतो काय?
(प्रौढ माणसांतील अवधान-दोष, त्याची ओळख आणि रोजच्या व्यवहारातील उपाय)



आपल्या वार्तापत्रातून बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा हे विषय आपण नेहमीच वाचत असता. या अंकातला विषय थोडा निराळा आहे. पण विचार केला तर तोही शेवटी एकरी टनेजला, कर्जाच्या खात्याला आणि घरातल्या शांततेला जाऊन भिडतो.

प्रत्येक गावात एखादा तरी असा कास्तकार असतो. अंगात ताकद आहे, डोके तल्लख आहे, बोलायला बसला तर चारचौघांना हरवील. पण ऊस नोंदीची मुदत उलटल्यावर तो गट कार्यालयात येतो. पीक-कर्ज भरायला पैसे हातात असतात, तरी तारीख चार दिवसांनी चुकते आणि मिळणारी व्याजाची सवलत जाते. मोटार सुरू करून धुऱ्यावर कोणाशी बोलत उभा राहतो अन् पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरते. खताची पोती वेळेवर आणतो, पण टाकायचा दिवस आज-उद्या करता करता महिना निघून जातो. बाप म्हणतो, “काहून रे, एक काम सांगतलं तं चार करून येतोस अन् नेमकं तेच राहून जाते?” बायको म्हणते, “अहो, सांगून सांगून माझं तोंड दुखलं.” गाव त्याला आळशी, धांदरट, बेफिकीर म्हणते. आणि चाळिशीपर्यंत हेच ऐकत आलेला तो माणूस स्वतःलाही तेच म्हणू लागतो.

अशा माणसांपैकी काहींच्या बाबतीत कारण आळसाचे नसून मेंदूच्या घडणीतले असते. डॉक्टर लोक त्याला ए.डी.एच.डी. म्हणतात. मराठीत अवधान-अभाव व अतिचंचलतेचा विकार म्हणता येईल. लहान मुलांत तो असतो हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु मिसरूड फुटले, लग्न झाले, सातबारा नावावर आला, तरी तो अनेकांच्या सोबत राहतो, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. जगभरच्या पाहण्या पाहता प्रौढांमध्ये शंभरात साधारण दोन ते तीन जणांना हा विकार असतो. म्हणजे दहा हजार सभासदांच्या कारखान्यात असे दोनशे-तीनशे तरी असावेत. त्यांतल्या बहुतेकांनी हे नावही ऐकलेले नसेल. म्हणून हा लेख.

हा विकार म्हणजे नेमके काय?

ऊसतोडणीची टोळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तोडणारे हात कितीही चलाख असले तरी आधी कोणता फड, मग कोणता, कोणी मोळ्या बांधायच्या, गाडी केव्हा भरायची, हे ठरवणारा मुकादम लागतो. मुकादम ढिला पडला की टोळी तीच, कोयते तेच, पण काम विस्कटते. आपल्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे असेच मुकादमाचे काम आहे. कोणते काम आधी, कोणते थांबवायचे, हातातले सोडायचे नाही, वेळ किती झाला, तोंडावर आलेला शब्द गिळायचा की बोलायचा, हे तो भाग ठरवतो. या कामात डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन या मेंदूतील दोन रसायनांचा मोठा वाटा असतो. ए.डी.एच.डी. मध्ये ही मुकादमी कच्ची असते. बुद्धी कमी नसते.

याची लक्षणे दोन प्रकारची. एक अवधानाची : वस्तू हरवणे, सांगितलेले विसरणे, काम अर्धवट टाकणे, कंटाळवाण्या कामाला हात न लागणे, बोलणे ऐकता ऐकता मन भलतीकडे जाणे. दुसरी चंचलतेची : एका जागी न बसवणे, दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी बोलणे, रांगेत उभे न राहवणे, विचार न करता व्यवहार ठरवून मोकळे होणे. कोणात पहिली जास्त, कोणात दुसरी, कोणात दोन्ही. वय वाढते तशी बाहेरची धावपळ पुष्कळदा कमी होते, पण आतली तगमग राहते. वरून शांत दिसणाऱ्या माणसाच्या डोक्यात चरखा चालूच असतो.

येथे एक शंका हमखास निघते. “तोडीची टोळी वावरात आली की हा रात्रंदिवस दोन माणसांचं काम करतो. तेव्हा बरं ध्यान राहतं!” शंका रास्त आहे. खरे असे की या माणसाजवळ लक्ष असते, ते हवे तेव्हा हवे तिकडे वळवणे त्याला साधत नाही. पाटाला पाणी भरपूर आहे, पण बारे फोडायचे-बांधायचे फावडे हातात नाही, असा प्रकार. काम तातडीचे असले, नवे असले, आवडीचे असले, समोर गाडी उभी असली की लक्ष आपोआप लागते. काम महत्त्वाचे असून लांबचे असले की लागत नाही.

ऊस आणि हे मन

या दृष्टीने पाहिले तर ऊस हे अशा माणसाची परीक्षा पाहणारे पीक आहे. भाजीपाला लावला तर तोडा सुरू झाल्यावर आठवड्याला पैसा दिसतो. सुरू उसाला बारा महिने थांबावे लागते, पूर्वहंगामीला चौदा-पंधरा, आडसालीला सोळा ते अठरा महिने. आज केलेल्या कष्टाचे फळ एवढ्या लांब असले की साध्या माणसाचाही उत्साह मावळतो. ए.डी.एच.डी. असलेल्या माणसाच्या मेंदूला तर लांबच्या फळाची ओढ फारच कमी जाणवते. त्याच्या दृष्टीने वेळ दोनच प्रकारची : ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’.

आणि ऊस तर तारखांवर चालतो. सुरू उसाच्या नत्राचेच पाहा. शिफारशीप्रमाणे लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के अशी त्याची विभागणी असते. यातला दुसरा ४० टक्क्यांचा हप्ता महिनाभर लांबला की फुटव्यांवर परिणाम होतो, आणि पुढे कितीही खत ओतले तरी ते भरून येत नाही. माणूस म्हणतो, “यंदा जमीनच साथ देईना.” जमिनीने साथ दिली होती. तारखेने दिली नाही.

तारखेपेक्षाही मोठा प्रश्न जिवाचा आहे. ज्यांना हा विकार आहे त्यांच्यात वाहनांच्या अपघातांचे प्रमाण अधिक आढळते. ओल्या हाताने स्टार्टरला हात घालणे, ट्रॅक्टर चालू ठेवून फिरत्या शाफ्टजवळ वाकणे, पाचट पेटवून दुसऱ्या कामाला निघून जाणे, या गोष्टी कोणाच्याही हातून घडू शकतात. पण ज्याचे लक्ष निसटते त्याच्या हातून जास्त घडतात. शिवाय वर्षानुवर्षे बोलणी खाऊन मन खचते. उदासी, चिंता, दारू, जुगार आणि उधारी ही त्याच वाटेवरची पुढची गावे आहेत.

नाव नवे, दुखणे जुने

हे आजकालचे फॅड आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. इंग्लंडातील डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना १९३७ साली एका उत्तेजक औषधाने अशी मुले उलट शांत होऊन अभ्यासाला लागतात, असे आढळले. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात १९६८ साली याची ‘लहानपणची अतिचंचलता’ म्हणून नोंद झाली. १९८० साली भर चंचलतेवरून अवधानाकडे वळला आणि १९८७ साली आजचे नाव आले. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी निदानाची अट स्पष्टपणे वेगळी दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीतही हेच नाव आहे.

आई-बापांकडून मुलांकडे जाण्याचा याचा गुण फार मोठा आहे. उंची जशी बहुतांशी रक्तातून येते, जवळपास तसेच हे. त्यामुळे शाळेतल्या पोराचे निदान होताना बाप मनात म्हणतो, “हे तं सगळं माझंच वर्णन हाय!” पुष्कळ मोठ्या माणसांना आपल्या दुखण्याचा पत्ता असा मुलाच्या निमित्ताने लागतो.

आमच्या भगिनी सभासदांनी येथे विशेष लक्ष द्यावे. मुलींमध्ये दंगामस्तीपेक्षा अवधानाचा दोष अधिक असतो. गुपचूप बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी मास्तरांना त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे संसार अंगावर पडला की चुलीवर दूध, दारात पाहुणा, बचत गटाचे पुस्तक आणि पोरांची शाळा हे सगळे एकदम सांभाळताना ती कोलमडते, आणि तिला ‘वेंधळी’ हे नाव मिळते.

प्रत्येक विसराळू माणूस या रोगाचा नव्हे

लेख वाचून प्रत्येकाला आपल्याला हाच रोग आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून खुणा नीट लक्षात घ्याव्या.

१) हा विकार बालपणापासून असतो. काही लक्षणे तरी वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असली पाहिजेत. ज्याचा विसराळूपणा गेल्या दोन वर्षांत सुरू झाला, त्याचे कारण दुसरे शोधावे.

२) त्रास एकाच ठिकाणी नसतो. फक्त सासरवाडीत लक्ष लागत नाही, याला विकार म्हणत नाहीत. घर, वावर, व्यवहार, मित्रमंडळी अशा निदान दोन ठिकाणी तो दिसावा लागतो.

३) ठरवलेल्या लक्षणांपैकी, अवधानाच्या किंवा चंचलतेच्या नऊपैकी निदान पाच, प्रौढ माणसात सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात, आणि त्यांमुळे खरोखर नुकसान होत असले पाहिजे.

४) थायरॉइडचा दोष, रक्त कमी असणे, उदासीनता, दारू, घोरण्यामुळे मोडणारी झोप यांनीही लक्ष उडते. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून आठवड्यातून चार रात्री पाणी देणाऱ्या माणसाला दिवसा काही आठवत नसेल, तर त्याला आधी झोप पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने प्रौढांसाठी एक प्रश्नावली तयार झालेली आहे. तिच्या सुरुवातीच्या सहा प्रश्नांचा मथितार्थ आपल्या भाषेत असा : अवघड भाग झाल्यावर शेवटचे बारीकसारीक काम राहून जाते काय? कामाची मांडणी करणे जड जाते काय? भेटीची वा भरण्याची तारीख विसरते काय? डोके लागणारे काम पुढे ढकलले जाते काय? फार वेळ बसावे लागले तर हातपाय चाळवतात काय? अंगात इंजिन बसवल्यासारखी धावपळ होते काय? यांतल्या बऱ्याच प्रश्नांचे उत्तर ‘नेहमी’ असे येत असेल तर डॉक्टरांना भेटावे. प्रश्नावलीने निदान होत नाही. ती फक्त दिशा दाखवते.

सदरच्या वाटेने

आता जायचे कोठे? नागपूरच्या सदर भागातून छावणीवरून मानकापूरकडे निघाले की शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय लागते. १८६४ साली स्थापन झालेली ही संस्था राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. पुणे (येरवडा), ठाणे आणि रत्नागिरी येथे बाकीची तीन आहेत. तिथल्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात, आणि एवढ्या एका शब्दाने कित्येक माणसे सदरपर्यंत येऊन बाजारहाट करून परत जातात. “कोणी पाहिलं तं काय म्हणतीन?” ही भीती.

भीतीचे कारण नाही. दाताचा, डोळ्याचा दवाखाना असतो तसाच तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचे आणि त्याच दिवशी घरी यायचे. अवधान-दोषासाठी कोणाला कोंडून ठेवत नाहीत. मनोरुग्णालयाची पायरी चढायला मन धजत नसेल तर नागपुरातच मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत, तसेच मिहानमधील एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत. इतर जिल्ह्यांच्या सभासदांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तेथे सोय असते. नागपूरपर्यंत येणे जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीतून बोलता येते, आणि रात्रीही फोन लागतो. मन फार खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर या क्रमांकावर त्याच वेळी फोन करावा.

गुप्ततेबद्दल एवढे सांगतो की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तसेच सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्कही त्यात आहे.

जाताना पुढील तयारी करून जावे :

• लहानपण पाहिलेले माणूस, आई, वडील भाऊ किंवा मोठी बहीण, शक्य तर सोबत न्यावे. डॉक्टर शाळेतल्या दिवसांबद्दल विचारतातच.
• जुन्या गुणपत्रिका वा शाळेचे शेरे सापडले तर न्यावे. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा मास्तरांचा शेरा तीस वर्षांनी उपयोगी पडतो.
• गेल्या वर्षभरात काय काय चुकले, किती रुपयांचे नुकसान झाले, ते कागदावर लिहून न्यावे. समोर बसल्यावर आठवत नाही, हाच तर आजार आहे.
• चालू असलेली सर्व औषधे, तसेच दारू, तंबाखू, खर्रा यांची खरी माहिती द्यावी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगावे.

रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या फोटोत हा विकार दिसत नाही. बोलून, विचारून, पडताळूनच निदान होते. म्हणून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या तर कंटाळू नये.

औषधे : कोणती आणि कशी

या विकारावर औषध आहे आणि अनेकांना त्याचा चांगला गुण येतो. मेथिलफेनिडेट हे त्यांतले मुख्य. ते स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली तयार झाले, १९५४ पासून बाजारात आहे, म्हणजे नवखे नाही. ते मुकादमाला जागे करते, असे म्हणा. घेतल्यावर तासाभरात परिणाम जाणवतो आणि काही तासांनी उतरतो. दुसरे अॅटोमॉक्सेटीन. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. भूक मंदावणे, झोप उशिरा येणे, नाडी व रक्तदाब वाढणे असे त्रास संभवतात. म्हणून डॉक्टर अधूनमधून वजन व रक्तदाब पाहतात.

मेथिलफेनिडेट हे १९८५ च्या अमली व मनःप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येते. त्यामुळे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही व सगळ्या दुकानांत ठेवलेले नसते. एकाला लागू पडले म्हणून त्याची गोळी दुसऱ्याने घेणे धोक्याचे आणि बेकायदा. आपल्या मनाने मात्रा वाढवू नये. औषधाने लक्ष लागेल, पण कशावर लावायचे ते आपणच ठरवायचे असते. गोळी घेऊन दिवसभर मोबाईलवर लक्ष लागले तर दोष गोळीचा नव्हे. म्हणून पुढचा भाग औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

रोजचा व्यवहार कसा सांभाळावा?

कारखाना पाहा. एवढा मोठा हंगाम कोणाच्या आठवणीवर चालत नाही. पाळी बदलली की भोंगा होतो. गाडीला चिठ्ठी असते. काट्यावर वजन होते आणि पावती हातात पडते. चीफ इंजिनियर कितीही हुशार असला तरी तो बॉयलरचा दाब अंदाजाने सांगत नाही, मीटर पाहतो. ज्याची आठवण कच्ची आहे त्याने आपल्या घरी हीच रीत बसवावी. डोक्यात ठेवायचे ते डोक्याबाहेर ठेवावे.

भोंगा : प्रत्येक तारखेला गजर असावा. मोबाईलमध्ये गजर लावताना कामाच्या वेळेचा एक आणि त्याआधी तयारीचा एक, असे दोन लावावे. सोसायटीची मुदत ३१ तारखेला असेल तर गजर २१ ला आणि २८ ला. मोटार सुरू केली की धुरा सोडण्याआधी गजर लावावा, किंवा मोटारीला टायमर बसवून घ्यावा. गजर वाजला की ‘करतो थोड्या वेळानं’ म्हणून बंद करू नये. काम जमत नसेल तर गजरच पुढच्या वेळेला लावावा.

चिठ्ठी : खिशात एक लहान वही आणि तिला दोऱ्याने बांधलेले पेन. कोणी काम सांगितले की त्याच्यासमोरच लिहायचे. दहा वह्या, पाच कागद, मोबाईल आणि हातावर लिहिणे, असे करू नये. वही एकच. सकाळी चहाच्या वेळी ती उघडून त्या दिवसाची फक्त तीन कामे वेगळी काढावी. तीनच. यादी वीस कामांची झाली की मन घाबरते आणि एकही होत नाही.

मोठ्या कामाचे तुकडे : ‘उसाची निगा राखणे’ हे काम होऊच शकत नाही, कारण त्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. ‘सोमवारी सकाळी युरियाची पोती वावरात नेणे’ हे काम होते. लागणीच्या दिवशीच वर्षाच्या तारखा काढून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहाव्या. उदाहरणार्थ १ फेब्रुवारीला लागण झाली, तर दुसरा नत्राचा हप्ता १५ ते २९ मार्चच्या दरम्यान, तिसरा २६ एप्रिल ते २४ मेच्या दरम्यान. ऊस वर्षाने तुटतो, पण प्रत्येक हप्ता टाकल्यावर तारखेवर फुली मारली की मनाला हातोहात पावती मिळते. या मनाला जवळची पावती लागते, ती अशी आपणच तयार करावी.

ठरलेली जागा : किल्ली, पाकीट, पासबुक, सातबारा, नोंदीची पावती यांना घरात एकच जागा. दारामागे खिळा आणि एक पत्र्याची पेटी, एवढ्यावर काम भागते. कागद हातात आला की ‘मग ठेवू’ नाही, थेट पेटीत.

जोडीदार : कंटाळवाणे काम एकट्याने होत नसेल तर कोणाला जवळ बसवावे. त्याने मदत करायची गरज नाही, नुसते असले तरी हात चालतो. हिशेब लिहायला शनिवारी संध्याकाळी भाऊ किंवा मुलगी शेजारी बसली की महिन्याचे काम तासात होते. आपल्याकडे इर्जिकीने कामे होत आली, ती काय उगाच?

एक रात्र मध्ये : या स्वभावाचा माणूस सौदा चटकन ठरवतो. ट्रॅक्टर, बैलजोडी, जामीन, मुलीच्या लग्नातला खर्च, अशी कोणतीही मोठी गोष्ट एक रात्र मध्ये गेल्याशिवाय पक्की करायची नाही, असा घरचा नियमच करावा. “घरी विचारून उद्या सांगतो” हे वाक्य पाठ करून ठेवावे. जामीनकीच्या कागदावर तर दोन रात्री.

पैसा : वीज बिल, विमा, कर्जाचा हप्ता यांपैकी जे जे बँकेतून आपोआप कापून घेता येते ते तसे करावे. उसाचे बिल खात्यात जमा झाले की पहिल्याच दिवशी सोसायटीचा वाटा वेगळा काढावा. हातात राहिलेला पैसा या माणसाच्या हातात फार दिवस टिकत नाही.

शरीर : पुरी झोप, ठरलेल्या वेळी जेवण आणि घाम येईतो कष्ट किंवा चालणे यांनी लक्ष सुधारते. शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे म्हणू नये. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून आपलेही चालणे कमी झाले आहे. रात्री मोबाईल उशाला घेऊन झोपू नये. गजरासाठी हवा असेल तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, म्हणजे उठावेच लागते.

हे सगळे एकदम सुरू करू नये. एक धरावे, महिनाभर चालवावे, मग दुसरे. मध्येच सुटले तर मोडले असे न समजता पुन्हा धरावे. खोडवाही तोडल्यावर पुन्हा फुटतोच.

घरच्या मंडळींसाठी चार शब्द

ज्याला हा त्रास आहे त्याला पुन्हा पुन्हा टोचून काही साधत नाही. “तुले कायचीच काळजी नाही” असे म्हटले की त्याला काळजी नसते असे नाही, उलट ती दुप्पट होते आणि काम तेवढेच राहते. त्यापेक्षा एका वेळी एकच काम सांगावे, डोळ्याला डोळा भिडवून सांगावे, आणि ते वहीत लिहून घेतले ना, ते पाहावे. तो बोलता बोलता मध्येच तोडतो, चिडतो आणि पाच मिनिटांनी विसरूनही जातो. घरच्यांना मात्र तो शब्द लागलेला असतो. भांडणाच्या भरात हिशेब न मांडता मन शांत झाल्यावर मांडावा.

परंतु आजार आहे म्हणून सगळा कारभार त्याच्या हातून काढून घ्यावा, हेही बरोबर नाही. त्याला जमते ते त्याच्याकडे ठेवावे. टोळी मिळवणे, बाजार करणे, माणसे जोडणे, अडल्या वेळी धावून जाणे यांत अशी माणसे पुष्कळदा पुढे असतात. हिशेब आणि तारखा घरातल्या दुसऱ्या कोणी पाहाव्या. आजाराचे नाव कळणे म्हणजे सगळ्याला माफी मिळणे नव्हे, हे त्या माणसानेही लक्षात ठेवावे. पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेले तर नुकसान भरून द्यावेच लागेल. फक्त पुढच्या वेळी ते जाऊ नये म्हणून काय करायचे, हे आता माहीत झालेले असते.

शंका-समाधान

*शंका : हा रोग कायमचा बरा होतो काय?*
समाधान : मुळातून जात नाही. काहींमध्ये वयाबरोबर पुष्कळ कमी होतो. चष्म्याने डोळा बदलत नाही, पण वाचता येते. औषध आणि शिस्तीचे तसेच समजावे.

*शंका : खर्रा खाल्ला की माझे लक्ष लागते. मग तो चालू ठेवला तर?*
समाधान : तंबाखूतील निकोटिन मेंदूला थोडा वेळ तरतरी आणते, म्हणून या लोकांत तंबाखूचे व्यसन अधिक दिसते. पण त्या तरतरीची किंमत तोंडाच्या कर्करोगाने मोजावी लागते. त्याहून डॉक्टरांची गोळी पुष्कळ सुरक्षित.

*शंका : साखर व गूळ जास्त खाल्ल्याने मुले चंचल होतात, असे ऐकले. खरे काय?*
समाधान : या समजाची शास्त्रीय तपासणी झालेली आहे. साखरेमुळे हा विकार होतो असे तीत आढळले नाही. हे आम्ही साखर कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सांगत नाही. दात आणि मधुमेह यांच्यासाठी साखर बेतानेच खावी.

*शंका : हाच रोग म्हणजे वेड काय?*
समाधान : मुळीच नाही. अशा माणसाला भलतेसलते भास होत नाहीत, भान सुटत नाही. तो संसार करतो, शेती करतो, निवडणूकही लढवतो.

*शंका : पन्नाशी उलटली, आता दाखवून काय उपयोग?*
समाधान : पन्नास हंगाम बोलणी खाल्ली, उरलेले तरी का खावी? शिवाय घरात नातू असेल तर त्याला शाळेत मार बसण्याआधी आपल्या अनुभवाचा उपयोग होईल.

सभासदहो, जमिनीत नत्र कमी असेल तर आपण जमिनीला शिव्या देत नाही, माती तपासायला पाठवतो आणि जे कमी आहे ते टाकतो. माणसाच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. ज्यांना स्वतःत किंवा घरातल्या कोणात वरील खुणा दिसत असतील त्यांनी हा हंगाम सुरू होण्याच्या आत एकदा डॉक्टरांना भेटून यावे. एकदा हंगाम सुरू झाला की सवड मिळत नाही, आणि मग काम पुढच्या वर्षावर जाते, हे आपण सगळे जाणतोच. वही काढून तारीख आजच लिहावी, ही विनंती.